जुनं सबस्टेशन जपायचं तर: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी कामाचा क्रम

जुनं सबस्टेशन, म्हणजे विजेचा दाब बदलून ती पुढे वाटणारं उपकेंद्र, बंद पडलं की सगळ्यात आधी जातं ते तांबं. अर्थिंगच्या पट्ट्या, कंट्रोल केबल, मग ट्रान्सफॉर्मरच्या आतली वाइंडिंग. त्यामागून तेल जातं, मग लोखंड. खोलीत उरतात ती लॉगबुकं, भिंतीवरचा सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून येते, कुठे जाते ते दाखवणारा साधा नकाशा), पॅनेलवरच्या फिडरांच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनींच्या) पाट्या आणि कोपऱ्यातलं लाकडी कपाट. भंगारात यांना भाव नसतो, म्हणून त्या मागे राहतात आणि एकदोन पावसाळ्यांत वाळवी त्यांचा फडशा पाडते. गावाचा विजेचा इतिहास मात्र याच वस्तूंमध्ये असतो. त्यामुळे आपण कामाचा क्रम उलटा धरायचा: आधी कागद, मग माणसं, मग यंत्रं आणि शेवटी इमारत. सुरुवात करणारे बहुतेक जण इमारतीच्या रंगरंगोटीपासून हात घालतात आणि तोवर कागद गेलेले असतात.

हा लेख ज्यांनी असं काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. इतिहासाचे शिक्षक, पॉलिटेक्निकची मुलं, निवृत्त वायरमन, गावातलं वाचनालय चालवणारी मंडळी, कुणीही हे काम करू शकतं. संभाजीनगरची पाणचक्की आणि नहर बघायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. पाणी खेळवणारं तंत्र वारसा ठरतं, तर वीज खेळवणारं तंत्रही ठरायला हवं.

आधी निवड

सगळी जुनी सबस्टेशनं जपता येणार नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नये. 1980 नंतर एकाच नकाशावर उभी राहिलेली 33/11 केव्हीची (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर आणणारी) उपकेंद्रं तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यातलं एखादं नीट नोंदवून ठेवलं तरी पुरे. शोधायचं ते वेगळं काहीतरी. गावात ग्रिडची वीज येण्याआधी डिझेल इंजिनवर चालणारं पावर हाऊस होतं का, आणि पुढे त्याच जागेत सबस्टेशन झालं का? इमारत काळ्या दगडाची किंवा चुन्यातली आहे का? यंत्रं मूळ जागेवर आहेत का? एखाद्या मोठ्या घटनेशी त्या ठिकाणाचा संबंध आहे का? किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर ज्या उपकेंद्रांतून पुरवठा पुन्हा उभा केला गेला, त्यांची नोंद इमारत साधी असली तरी झालीच पाहिजे.

वीज कुठून यायची हेही तपासा. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणातले 7.5 मेगावॅटचे तीन जलविद्युत संच आणि परळीच्या औष्णिक केंद्राचा 1971 मध्ये सुरू झालेला 30 मेगावॅटचा पहिला संच यांनी या भागाच्या विजेचं चित्र बदललं. तुमचं सबस्टेशन या केंद्रांशी कोणत्या लाइनने जोडलं गेलं, हे कळलं की एका कंपाउंडची गोष्ट सगळ्या मराठवाड्याच्या गोष्टीला जोडली जाते.

मालक कोण आणि परवानगी कुणाची

वितरणाची 33 आणि 11 केव्हीची उपकेंद्रं महावितरणकडे आहेत, 132 किंवा 220 केव्हीची महापारेषणकडे. गेटवरच्या पाटीवर हे लिहिलेलं असतं. पत्र शाखा अभियंत्याला भेटून द्यावं, पण लिहावं कार्यकारी अभियंत्याच्या नावे आणि प्रत अधीक्षक अभियंत्याला पाठवावी. शाखेतला माणूस मदत करायला तयार असला तरी वरून कागद आल्याशिवाय त्याला गेट उघडता येत नाही. त्याला अडचणीत टाकू नका.

पहिल्या पत्रात ‘संग्रहालय’ हा शब्द घालू नका, असा माझा आग्रह आहे. त्या शब्दाबरोबर जागा, पैसा, जबाबदारी असे प्रश्न येतात आणि फाइल तिथेच बसते. फक्त तीन गोष्टी मागा: ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली पाहणी, बंद यंत्रांचे फोटो आणि जुन्या रजिस्टरांचं स्कॅनिंग. चालू उपकेंद्रात विनापरवाना फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर मुळीच उडवायचा नाही.

जमिनीचे कागदही काढून ठेवा. शहरात मालमत्ता पत्रक, गावात सातबारा. मागे जायचं असेल तर भूमी अभिलेखकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक मिळतं. जागा संस्थानाच्या खात्याची होती, नगरपालिकेची होती की कुणा शेतकऱ्याने दिलेली, हे तिथे कळू शकतं. पुढे जागेवरून वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

आत पाऊल टाकण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका.

‘बंद आहे’ असं कुणी सांगितलं म्हणून काहीही बंद धरायचं नाही. जुन्या यार्डातून (उघड्यावरच्या यंत्रांच्या आवारातून) चालू 11 केव्हीची लाइन गेलेली असणं अगदी नेहमीचं आहे. एबी स्विच (लाइन हाताने तोडायचा उघड्यावरचा स्विच) उघडा दिसतो म्हणजे पलीकडून पुरवठा येत नाही, असं होत नाही. ज्या दिवशी आत जायचं त्या दिवशी लाइन क्लिअर (लाइन बंद करून कामाला दिलेली परवानगी) घेतल्याची लेखी नोंद, दोन्ही बाजूंनी अर्थिंग आणि जबाबदार कर्मचारी हजर, एवढं झाल्याशिवाय यार्डात शिरू नये. उच्चदाबाच्या विजेला अंगाला स्पर्श व्हावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती झेप घेते. ॲल्युमिनियमची शिडी आणि स्टीलची मोजपट्टी बाहेर ठेवा. मापं लाकडी पट्टीने किंवा फोटोवरून घ्या. कपॅसिटर बँक (विद्युतभार साठवणाऱ्या डब्यांची रांग) पुरवठा तोडल्यावरही विद्युतभार धरून ठेवते, तिचा डिस्चार्ज आणि अर्थिंग प्रशिक्षित माणसानेच करायचं.

दुसरा धोका तेलाचा. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल बहुतेक वेळा साधं खनिज तेल असतं, पण काही जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि विशेषतः कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं क्लोरीनयुक्त रसायन वापरलं जायचं. ते शरीरात साठतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं राहतं. एकाच फिल्टर मशिनमधून सगळ्यांचं तेल फिरवल्यामुळे साध्या तेलातही ते मिसळलेलं असू शकतं. केंद्र सरकारच्या 2016 च्या आदेशाने पीसीबी असलेल्या उपकरणांचा वापर 31 डिसेंबर 2025 पर्यंत पूर्ण थांबवायचा होता. म्हणून तेल तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका, बाटलीत भरून घरी नेऊ नका आणि गुडघेदुखीवर चोळायला कुणी मागितलं तर स्पष्ट नकार द्या. खेड्यात हे मागतात. नमुना काढायचं आणि तपासायचं काम कंपनीमार्फत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हायला हवं.

छताच्या सिमेंटच्या पत्र्यात आणि जुन्या ब्रेकरच्या (बिघाडात पुरवठा तोडणाऱ्या यंत्राच्या) आर्क शूटमध्ये, म्हणजे ठिणगी विझवणाऱ्या कप्प्यात, ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो फोडायचा, घासायचा किंवा झाडायचा नाही. बॅटरी रूममध्ये सल्फ्युरिक ॲसिड आणि शिसं असतं, ती खोली आधी उघडून हवेशीर होऊ द्या. शाळकरी मुलांना या टप्प्यावर आणू नका. त्यांची वेळ पुढे येईल.

कागद

मराठवाड्यातली वीज किती हातांतून गेली ते लक्षात ठेवलं तर कागद कुठे शोधायचे ते आपोआप कळतं. 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो मुंबई राज्यात आला. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि 6 जून 2005 ला त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. लोकांच्या तोंडी अजून ‘एमएसईबी’च आहे. प्रत्येक बदलात काही फाइली पुढे सरकल्या, काही मागे राहिल्या.

संस्थानी काळातले कागद हैदराबादला, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात शोधावे लागतात. ते उर्दूत असतात आणि सन फसली, म्हणजे संस्थानी महसुली कालगणनेचा, असतो. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने 1357 फसली म्हणजे 1947-48. उर्दू वाचणारे जाणते लोक अजून संभाजीनगर, नांदेड, बीडमध्ये भेटतात. त्यांना सोबत घ्या, सूचीत ‘बर्की’ (विजेचा) हा शब्द शोधायला सांगा. इथल्या जुन्या जिल्हा गॅझेटिअरांत उद्योगाच्या प्रकरणात वीजपुरवठ्याची माहिती असते. गावोगावच्या वाचनालयांत दैनिक ‘मराठवाडा’चे जुने अंक असतील तर गावात दिवे लागल्याची बातमी त्यात मिळू शकते.

आणि खुद्द उपकेंद्रात काय शोधायचं? तासातासाची लॉगशीट, ब्रेकडाउन रजिस्टर, परमिट बुक (लाइनवर काम करण्याच्या परवानग्यांची वही), ट्रान्सफॉर्मर हिस्ट्री कार्ड, तेलाच्या चाचण्यांचे अहवाल, हजेरीपट आणि नकाशे. लॉगशीट कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते तीच सगळ्यात मौल्यवान आहे. दर तासाला कोणत्या फिडरवर किती अँपिअर भार होता, ते तिच्यात असतं. शेतीपंप वाढले तसा रात्रीचा भार कसा चढला, गिरणी बंद पडल्यावर कोणता फिडर रिकामा झाला, भारनियमन किती तासांचं होतं, गावठाण फिडर वेगळा कधी झाला, हे सगळं त्या रकान्यांतून वाचता येतं. गावाच्या अर्थकारणाची इतकी बारीक नोंद इतरत्र क्वचितच सापडते.

रजिस्टरं जुन्या मुदतीची म्हणून नष्ट करण्याच्या यादीत असू शकतात, त्यामुळे हे काम लगेच करा. मागूनही दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांच्या आत, आणि नकला मागण्याऐवजी अभिलेखांचं निरीक्षण मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्ज भांडणाच्या सुरात लिहू नका. याच लोकांबरोबर पुढे काम करायचं आहे.

स्कॅन 300 डीपीआयला करा, पानं क्रमाने, कोरी पानं आणि मागची बाजूही. समासात कुणी काही खरडलेलं असेल तर तेही. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची ब्लू प्रिंट असेल तर ती उन्हात पसरू नका, प्रकाशाने निळा रंग उडतो. घडी पडलेली असेल तर जोराने उलगडू नका, वरून वजन ठेवून दोन-चार दिवसांत हळूहळू सपाट करा. लॅमिनेशन कधीही नाही. मूळ कागद कार्यालयाचेच राहतात. स्कॅनची एक प्रत कार्यालयाला, एक वाचनालयाला, एक तुमच्याकडे.

माणसं

ज्यांनी 1970 च्या दशकात मंडळात नोकरी धरली ते आज सत्तरीपुढे आहेत. त्यांच्याकडे कागदावर कधीच न आलेलं ज्ञान आहे. ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदलला की काय समजायचं, पावसाळ्यात कोणत्या खांबावरचा इन्सुलेटर हमखास फुटायचा, वायरलेस किंवा फोन बंद असताना दुसऱ्या उपकेंद्राला निरोप कसा जायचा.

घरी जाऊन बसा. सोबत जुना फोटो किंवा लॉगशीटचं स्कॅन न्या. समोर स्वतःचं अक्षर दिसलं की माणूस बोलू लागतो. ‘तुमचा अनुभव सांगा’ असा मोघम प्रश्न विचारू नका. असं विचारा: ‘काका, रात्रपाळीला एकटेच असायचात का? ट्रिपिंग झालं की पहिला हात कुठे जायचा? बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवरच्या मोटारींचं काय झालं? लोक मोर्चा घेऊन आले तेव्हा गेटवर कोण उभं राहिलं?’ घरातल्या बाईंनाही विचारा. क्वार्टरमध्ये राहून मुलं वाढवणाऱ्या, नवरा खांबावर असताना रात्र जागून काढणाऱ्या काकूंची आठवण तितकीच या इतिहासाची आहे. हेल्पर आणि रोजंदारीवर खड्डे खणणाऱ्या मजुरांना विसरू नका, त्यांची नावं हजेरीपटावर सापडतात. आणि ज्याच्या शेतातून लाइन गेली तो शेतकरी. त्याची बाजू कंपनीच्या फाइलीत नसते.

अपघाताबद्दल विचारताना सावकाश. कामावर जीव गेलेल्या सहकाऱ्याची आठवण काढताना माणूस थांबला तर रेकॉर्डर बंद करा. मुलाखतीची लेखी संमती घ्या, नाव द्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या, आणि ऐकलेल्या गोष्टीची तारीख शक्य तिथे लॉगबुकाशी ताडून बघा. यंत्राजवळ उभं राहून त्याच माणसाचा व्हिडिओ घेता आला तर फार उत्तम. ब्रेकर चार्ज करण्याची हाताची हालचाल शब्दांत पकडता येत नाही.

यंत्रं

प्रत्येक यंत्राला एक क्रमांक द्या आणि एक पान करा. नेमप्लेटचा समोरून फोटो, मग प्लेटवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून: बनवणारी कंपनी, अनुक्रमांक, वर्ष, केव्हीए (क्षमता), दोन्ही बाजूंचे व्होल्टेज, व्हेक्टर ग्रुप (वाइंडिंगच्या जोडणीची खूण), तेलाचे लिटर. जुन्या उपकेंद्रांत इंग्लंडहून आलेल्या कंपन्यांच्या पाट्यांशेजारी किर्लोस्कर, क्रॉम्प्टन, एनजीईएफ, भेल यांच्या पाट्या दिसतात. आयातीकडून देशी कारखान्यांकडे झालेला प्रवास एका यार्डात उभा असतो.

एक सावधगिरी. ट्रान्सफॉर्मरचं वर्ष म्हणजे सबस्टेशनचं वर्ष नव्हे. ट्रान्सफॉर्मर जळतात, बदलतात, या गावचा त्या गावाला जातो, रिवाइंड होऊन परत येतो. इमारत, यंत्र आणि पुरवठा सुरू होणं या तीन तारखा वेगवेगळ्या शोधा.

काय ठेवायचं? सगळं यार्ड ठेवणं शक्य नसेल तर एका फिडरची पूर्ण साखळी ठेवा, असं मी सुचवेन: लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचाव करणारा), आयसोलेटर (लाइन वेगळी करणारा स्विच), सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर), ऑइल सर्किट ब्रेकर, आणि त्याचंच रिले-मीटर असलेलं पॅनेल (रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला इशारा देणारं उपकरण). सुटे सुटे दहा ब्रेकर रांगेत मांडण्यापेक्षा ही एक साखळी वीज कशी यायची ते दाखवते. तबकडी फिरून काम करणारे जुने रिले काचेच्या आत छान दिसतात. ते तसेच बंद ठेवा.

यंत्र भंगारात निघण्याआधी त्याचं निर्लेखन होतं, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतून ते कमी केलं जातं, आणि मग लिलाव. लिलावाची जाहिरात आल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होत असतानाच ‘ही यंत्रं जागेवर जतनासाठी राखून ठेवावीत’ असं नगरपालिकेच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावासह पत्र गेलं पाहिजे. यादीत अनुक्रमांक द्या, ‘काही जुनी यंत्रं’ असं लिहू नका. मालकी कंपनीकडेच राहू द्यावी आणि जतनाची जबाबदारी करारावर घ्यावी. ही मागणी मान्य होणं तुलनेने सोपं जातं. यंत्रं उचलून जिल्ह्याच्या गावी मांडण्याचा प्रस्ताव येईल, त्याला चटकन हो म्हणू नका. औद्योगिक वारशाबद्दलच्या 2003 च्या निझनी तागिल सनदेतही मूळ जागेवरच्या जतनाला पहिला मान दिला आहे.

जपताना कमीत कमी हात लावा. चकचकीत रंग मारू नका. मूळ करडा रंग, त्यावरचे हाताने रंगवलेले आकडे, खंडेनवमीला लावलेले हळदकुंकवाचे आणि शेंदराचे ठिपके हे सगळं राहू द्या. पितळी पाट्या पॉलिशने घासल्या की अक्षरं पुसट होतात, मऊ ब्रश आणि कोरडं कापड पुरे. चिनी मातीचे इन्सुलेटर साध्या पाण्याने धुवा. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल नियमाप्रमाणे काढल्यावर टाकीची तोंडं बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी शिरून आतून गंज चढतो. बुशिंग (टाकीतून बाहेर येणारी इन्सुलेटर लावलेली टोकं) एकमेकांना जोडून त्यांचं अर्थिंग करा. आणि त्या परिसरात रात्रीचा उजेड व कुलूप यांची सोय पहिल्याच महिन्यात करा, कारण तांब्यावर डोळा ठेवून असलेली माणसं आपला लेख वाचत नाहीत.

इमारत आणि कायद्याचं छत्र

चुन्यातल्या बांधकामाला सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याची दुरुस्ती चुन्यानेच. शहाबादी फरशी, लोखंडी खिडक्या, केबल ट्रेंचवरची झाकणं ही टाइल्स आणि ॲल्युमिनियमने बदलायची नाहीत. आधी छप्पर आणि पन्हाळी, बाकी नंतर.

केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे, त्यात आपली बहुतेक सबस्टेशनं बसत नाहीत. शहरी भागात मार्ग वेगळा आहे: 1966 चा नगररचना कायदा आणि 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यांच्या आधारे वारसा यादीत नाव घालणं. तिथे वास्तूचं मूल्य बघून श्रेणी दिली जाते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा मुदतीत लेखी सूचना द्या, आणि तिला आतापर्यंत जमवलेली पानं जोडा. खेड्यात ग्रामसभेचा ठराव आणि कंपनीबरोबरचा करार हाच आधार. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मंडळींचा सल्ला घ्यावा. पैशासाठी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा जतन सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) कामांत येतं. जवळच्या एमआयडीसीतल्या, साखर कारखान्यांच्या किंवा जिनिंगच्या लोकांना हे सांगा. त्यांचे फिडर याच पॅनेलवर होते.

उघडल्यानंतर

पहिल्या वर्षी रोज उघडं ठेवायचा हट्ट नको. महिन्यातला एक रविवार, सोबत एक निवृत्त ऑपरेटर आणि एक पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. दहावी-बारावीच्या मुलांना पुस्तकातला ट्रान्सफॉर्मर आणि समोरचा ट्रान्सफॉर्मर जुळवून दाखवा. चालू यार्ड आणि जतन केलेला भाग यांच्यामध्ये पक्कं कुंपण हवं, आणि विद्युत निरीक्षकांची लेखी संमती दारावर लावलेली हवी.

वर्षातून दोन पाहण्या ठरवून टाका. मृग लागण्याआधी छत, पन्हाळी, केबल ट्रेंचमधला गाळ आणि वाळवी. दिवाळीनंतर गंज, टाकीची झाकणं, कागदांच्या कपाटातली ओल आणि उंदीर. प्रत्येक पाहणीची नोंद वहीत, तारीख आणि सहीसह, आणि वहीच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे नको, दोघांकडे हवी.